राईशस्टागवरचा फोटो इंटरनेटने काढलेला नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

9 मेच्या अंकात आतल्या पानावर दुसरं महायुद्ध संपल्याचा लेख आलाय, त्यासोबत बर्लिनच्या राईशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर, लाल झेंडा लावणाऱ्या रशियन सैनिकाचा फोटो छापलाय. चांगला मोठा, चार कॉलम, छपाई पण बरी. पण खालची ओळ वाचली आणि चहा तसाच राहिला. ‘30 एप्रिल 1945 रोजी राईशस्टागवर झेंडा फडकवताना सोव्हिएत सैनिक. छायाचित्र : इंटरनेट.’ साहेब, एका ओळीत दोन चुका. तारीख चुकली ते एक, आणि दुसरं म्हणजे इंटरनेट काय 1945 साली गळ्यात कॅमेरा अडकवून त्या छपरावर चढलं होतं का?

मी कराडला 34 वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, आता मुलगा बघतो म्हणजे झेरॉक्स आणि लॅमिनेशन जास्त आणि फोटो कमी. आमच्यासारखे पासपोर्ट साईझ काढणारे पण पाकिटावर स्टुडिओचं नाव छापायचे, ग्रुप फोटोच्या माउंटवर रबरी शिक्का मारायचे. मग ज्या माणसाने हा फोटो काढला त्याचं नाव चार कॉलमच्या खाली बसत नाही का?

नाव येवगेनी खाल्देई. 1917 साली युझोव्का गावात जन्मला, म्हणजे आताचं युक्रेनमधलं दोनेत्स्क. ज्यू कुटुंब. एक वर्षाचा असताना गावात ज्यूंवर हल्ला झाला, आईला गोळी लागली आणि तीच गोळी आईच्या अंगातून पार होऊन या पोराला लागली. आई गेली, पोरगं वाचलं, आजीने वाढवलं. आणि पहिला कॅमेरा त्याने त्याच आजीच्या चष्म्याची काच काढून पुठ्ठ्याच्या खोक्याला लावून केला, तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या आईचा चष्मा आठवला, तिने मला नुसता हात लावू दिला नसता.

1936 साली तो तास या सोव्हिएत वृत्तसंस्थेत लागला (तास म्हणजे आपला साठ मिनिटांचा नाही, संस्थेचं नावच तसं आहे). 22 जून 1941 ला दुपारी रेडिओवर परराष्ट्रमंत्री मोलोतोव्हने युद्ध सुरू झाल्याचं सांगितलं तेव्हा हा ऑफिसमधून खाली रस्त्यावर आला आणि लाउडस्पीकरखाली उभी राहून ऐकणाऱ्या लोकांचा फोटो काढला. फोटोत ना तोफ ना विमान, फक्त वर बघणारे चेहरे, एक बाई शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून. युद्ध सुरू झाल्याचा याहून चांगला फोटो मी तरी बघितलेला नाही. त्यानंतर नौदलाचा लेफ्टनंट म्हणून उत्तरेकडे मुर्मान्स्कला, मग काळ्या समुद्राकडे सेवास्तोपोल, मग रुमानिया, बल्गेरिया, बुडापेस्ट, व्हिएन्ना आणि बर्लिन. रशियाचं युद्ध 1418 दिवस चाललं, आणि हा माणूस पहिल्या दिवशी मॉस्कोच्या रस्त्यावर होता आणि शेवटी राईशस्टागवर. अंगावर गणवेश, पण काम लायका कॅमेऱ्याचं बटण दाबायचं.

आता त्या झेंड्याकडे येतो. 30 एप्रिलच्या रात्री सैनिकांनी राईशस्टागवर झेंडा लावला हे खरं आहे, येगोरोव्ह आणि कांतारिया ही त्यांची नावं रशियात शाळेतल्या पोरांना पाठ असायची. पण रात्र होती, खाली लढाई चालू होती, तिथे फोटो कोण काढणार. तुम्ही छापलाय तो फोटो 2 मेचा आहे, बर्लिनमधल्या जर्मन सैन्याने शरणागती पत्करली त्या दिवसाचा. आणि तो झेंडा सैन्याचा नव्हताच, तो खाल्देईने स्वतः मॉस्कोहून आणला होता. त्याच्या डोक्यात जपानच्या इवो जिमा बेटावरचा फोटो बसला होता, जो अमेरिकन फोटोग्राफर रोझेन्थालने 23 फेब्रुवारी 1945 ला काढलेला, अमेरिकन सैनिक डोंगरावर झेंडा उभा करतायत तो. आपल्याकडून पण असा एक पाहिजे असं याला वाटलं. मग तासच्या ऑफिसातले मीटिंगच्या टेबलांवर टाकायचे लाल कापड त्याने मागून घेतले, ओळखीतल्या इस्रायल किशित्सेर नावाच्या म्हाताऱ्या शिंप्याने त्याचे तीन झेंडे शिवून दिले, त्यावर विळा हातोडा पांढऱ्या कापडाचा. एक टेम्पलहोफ विमानतळावर वापरला, एक ब्रान्डेनबुर्ग दरवाज्यावर आणि तिसरा हा. मला यातलं टेबलक्लॉथ फार आवडतं. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं, गणपतीच्या मांडवाला कमी पडलं की सोसायटीच्या टेबलाचं कापड ओढूनच नेतात ना.

वर छपरावर जे सैनिक भेटले त्यांना त्याने चढवलं. झेंडा धरलेला तो कीव्हचा कोवाल्योव्ह, खालून त्याला आधार देणारा दागेस्तानचा इस्माईलोव्ह, आणि बरोबर मिन्स्कचा गोरिचेव्ह. सगळा रोल संपवला, छत्तीस फ्रेम. फोटोग्राफर लोकांना विचारा, छत्तिसातली एक निघाली तरी दिवस चांगला गेला म्हणायचा. पण पुढे कित्येक वर्षं सरकारी पुस्तकांत फोटोतली माणसं येगोरोव्ह आणि कांतारियाच असं छापून यायचं. इस्माईलोव्हला रशियाने वीर म्हणून पदवी दिली ती 1996 साली. म्हणजे फोटोखाली चुकीचं नाव लिहायची खोड काय फक्त आपल्याकडेच नाही.

हे मी नातवाला दाखवलं तर तो म्हणतो आजोबा हा फोटो फेक आहे, मी रील बघितलंय, घड्याळ खोडलंय आणि धूर पण घातलाय. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. खालच्या माणसाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळ दिसत होतं, तासच्या ऑफिसात कुणाच्या तरी ते लक्षात आलं, आणि दोन घड्याळं म्हणजे एक लुटीचं, लाल सैन्याने लूट केली असं जगाला कसं दाखवणार. मग एका हातावरचं खाल्देईने निगेटिव्हवरून सुईने खरवडून काढलं. काही लोक म्हणतात ते घड्याळ नव्हतंच, मनगटावरचं होकायंत्र होतं. असेल तसं पण. आकाशात धूर पण त्याने नंतर वाढवलाय, दुसऱ्या निगेटिव्हवरचा. मग फोटो 13 मेला ओगोन्योक साप्ताहिकात आला आणि जगभर गेला.

आता या खरवडण्याबद्दल मला दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं मी समजतो, कारण ते काम मी हाताने केलंय. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलने टचिंग करून देवीचे व्रण घालवायचे, प्रिंटवर ब्लेडच्या टोकाने काळा ठिपका उडवायचा, लग्नाच्या अल्बममध्ये नवऱ्याच्या तळहातावर उभी असलेली नवरी करायची, बदामात दोघांना बसवायचं. दोन निगेटिव्ह एकावर एक ठेवून एनलार्जरखाली (फोटो मोठा करायचं यंत्र) घालायचं, पहाटे तीनला लाल बल्बच्या उजेडात ट्रेमध्ये कागद हलवत बसायचं, फोटो धुवायच्या हायपोचा वास दोन दोन दिवस हाताला. घरात कुणी वारलं की लोक ग्रुप फोटो घेऊन यायचे, यातले फक्त दादा वेगळे काढून द्या, हार घालायचाय. दादांच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात असायचा, तो हात आम्ही काढायचो आणि त्या जागी कोट रंगवायचो. म्हणजे भिंतीवर हार घातलेले निम्मे दादा नातवाच्या भाषेत फेकच आहेत. दादा होते हे मात्र खरं.

खाल्देईचं पण मला तसंच वाटतं. मुर्मान्स्कजवळ त्याने एक रेनडिअर फोटोत घेतलाय, बॉम्बच्या आवाजाने भेदरलेला, सैनिकांनी त्याचं नाव याशा ठेवलं होतं. वर ब्रिटिश हरिकेन विमानं उडतायत. ती विमानं दुसऱ्या निगेटिव्हवरून आलीत, हे लपलेलं नाही, आमच्या बदामासारखंच काम आहे ते, पण हरिकेन मुर्मान्स्कला होती, रेनडिअर होता, बॉम्ब पण होते. राईशस्टागचं पण तसंच, इमारत पडली होती, सैनिक खरे होते. म्हातारपणी कुणीतरी त्याला या खाडाखोडीबद्दल विचारलं तर म्हणाला म्हणे, फोटो चांगला आहे आणि इतिहासात त्याला जागा आहे, पुढचा प्रश्न विचारा. हे उत्तर मला पूर्ण पटत नाही. घड्याळ खोडणं म्हणजे चेहऱ्यावरचा व्रण काढणं नव्हे, ते सैन्याचं पाप झाकणं होतं, आणि बर्लिनच्या लोकांनी त्या दिवसांत काय भोगलं ते आता सगळ्यांना माहिती आहे. पण म्हणून फोटोच खोटा म्हणून फेकून द्यायचा हे पण पटत नाही. खाली लिहायचं ना, की हा प्रसंग फोटोसाठी पुन्हा उभा केलेला आहे, एक घड्याळ काढलेलं आहे, धूर वाढवलेला आहे. पंधरा शब्द लागतात. वाचक शहाणे आहेत हो, त्यांना चालतं. त्यांना न सांगता छापलं आणि नंतर रीलमधून कळलं की मग ते सगळंच फेक म्हणतात, लेख पण आणि युद्ध पण.

त्याचे ज्या फोटोत काही खरवडलेलं नाही ते तर कुणी छापतच नाही. बुडापेस्टला 1945 च्या सुरुवातीला एक ज्यू नवरा-बायको रस्त्यात भेटले, कोटावर पिवळा तारा शिवलेला, नाझींनी ज्यूंना ओळखायला सक्तीने लावायला लावलेला. याच्या अंगावर काळा चामड्याचा कोट, त्यामुळे त्यांना वाटलं नाझीच आला. फोटो काढला आणि मग त्याने त्यांना यिद्दिशमध्ये, म्हणजे ज्यूंच्या भाषेत, सांगितलं की मी पण ज्यूच आहे, आणि त्यांच्या कोटावरचे तारे स्वतः फाडून टाकले. तो फोटो नीट बघा, बाई सरळ लेन्समध्ये बघतेय, आणि तारा अजून कोटावर आहे. फाडल्यानंतरचा फोटो काढायचा मोह कुणालाही झाला असता. आणि हे करणाऱ्या माणसाचे स्वतःचे वडील आणि तीन बहिणी जर्मनांनी मारल्या होत्या, त्यांच्याच गावाकडे, खाणीच्या विहिरीत टाकून.

युद्धानंतर पॉट्सडॅमच्या बैठकीत स्टॅलिन-ट्रुमन-चर्चिल, न्युरेंबर्गच्या खटल्यात नाझी पुढारी गोअरिंग, 24 जून 1945 च्या मॉस्कोच्या परेडमध्ये पांढऱ्या घोड्यावरचा सेनापती झुकोव्ह, घोड्याचे चारी पाय हवेत, हे सगळे याचेच. आणि 1948 मध्ये तासने नोकरीवरून काढलं. कागदावर कारण नोकरकपात, पण त्या वर्षी रशियात ज्यूंना कसं वागवत होते ते बघितलं की उत्तर मिळतं. अकरा वर्षं इकडे तिकडे कामं करत काढली, मग 1959 ला प्राव्दा या वर्तमानपत्रात लागला. शेवटी मॉस्कोत एका खोलीच्या घरात राहायचा, तिथेच एनलार्जर, तिथेच निगेटिव्हचे गठ्ठे. 6 ऑक्टोबर 1997 ला गेला. त्याचा एक लायका 2014 मध्ये हाँगकाँगला लिलावात दोन लाख डॉलरच्या आसपास गेला. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाचा कॅमेरा. यावर मी काही बोलत नाही, आमच्या स्टुडिओतला याशिका कॅमेरा भंगारवाल्याने अडीचशेला मागितला होता, दिला नाही.

आपल्याकडची गोष्ट पण सांगतो, म्हणजे रशियाचं काय कौतुक असं कुणाला वाटायला नको. 16 डिसेंबर 1971, ढाका, पाकिस्तानचा जनरल नियाझी शरणागतीवर सही करतोय आणि शेजारी आपले जनरल अरोरा बसलेत. तो फोटो आपल्या कुणालाही झोपेतून उठवून दाखवला तरी ओळखेल, मागे कोण कोण उभं आहे तेसुद्धा सांगणारे लोक आमच्या कट्ट्यावर आहेत. काढला कुणी विचारा बरं. सगळे गप्प बसतात. दर डिसेंबरला तुमच्यासकट सगळे पेपर छापतात, आणि खाली एकतर ‘संग्रहित’ नाहीतर ‘फाइल फोटो’.

पत्र लांबलंय, कापायचं तर आमच्या स्टुडिओचा भाग कापा, खाल्देईचा नको. चूक-दुरुस्तीच्या चौकटीत तारीख 2 मे करा. आणि पुढच्या वर्षी फोटो छापायचाच असेल तर माझी एक विनंती आहे, राईशस्टाग सगळ्यांनी बघितलाय, त्याऐवजी मुर्मान्स्कचा छापा. 1942, शहर जळून गेलंय, नुसती धुराडी उभी आहेत आणि त्यातून एक बाई पाठीवर पेटी घेऊन चाललीय. फोटो काढल्यावर ती थांबली आणि याच्यावर चिडली, आमचं दुःख कशाला काढतोस, आपली विमानं जर्मनीवर बॉम्ब टाकतायत ते काढ की. हा म्हणाला बर्लिनपर्यंत पोचलो तर तिथला पण काढीन. चार कॉलम नको, दोन कॉलम पुरतील, आणि खाली एवढंच : मुर्मान्स्क, 1942. फोटो – येवगेनी खाल्देई.

आपला,
एक जुना वर्गणीदार (आणि निवृत्त फोटोवाला)
कराड