श्रमाच्या बदल्यात मुक्काम, आणि पायी भटकंती

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्टीतील प्रवास म्हणजे महागडे हॉटेल आणि धावते स्थलदर्शन, हा समज इंदुरातील मराठी कुटुंबांतही रुजत चालला आहे, याचे मनापासून वाईट वाटते. इंग्लंडमध्ये १९७१ साली स्यू कॉपर्ड यांनी सुरू केलेल्या 'वूफ' चळवळीत शहरातील माणूस सेंद्रिय शेतावर दिवसाचे काही तास निंदणी, फळतोडणी किंवा गुरांची देखभाल करतो व त्याबदल्यात शेतकरी त्याच्या राहण्या-जेवणाची सोय करतो; पैशांचा व्यवहार होत नाही आणि उरलेला वेळ रानवाटा हिंडायला मोकळा राहतो. ही चळवळ भारतातही आहे. मात्र कामाचे तास आणि सुट्टीचा दिवस आधीच लेखी ठरवून घ्यावा. परदेशी जाणाऱ्या तरुणांनी तर व्हिसाचे नियम अवश्य वाचावेत, कारण अनेक देशांत पर्यटक व्हिसावर असे बिनपगारी कामही चालत नाही.

नर्मदा परिक्रमेतील पदयात्रींना गावोगावी सदावर्त देणाऱ्या या प्रदेशाला पायी प्रवाशाचे आतिथ्य नवे नाही. महूजवळचा, चंबळेचा उगम मानला जाणारा जानापावचा डोंगर आणि चोरलचे खोरे पावसाळ्यानंतर चालण्यासाठी फार सुंदर असते. तेथे श्रमाच्या बदल्यात पाहुणे ठेवून घेण्यास इच्छुक शेतकऱ्यांची नोंदणी करून पर्यटन विभागाने पायवाटांवर दिशादर्शक आणि धोक्याच्या ओढ्यांजवळ सूचनाफलक लावावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, इंदूर