लाऊडस्पीकरवरचं नाव

सोलापूर,
रविवार रात्र

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तावातावाने बोललीस, त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नाही. डावा कान तालमीच्या मातीत गेला आणि उजवा मागाच्या खडखडाटात. हे तुला ठाऊक आहे, तरी तू भरभर बोलतेस आणि मी ‘काय?’ म्हटलं की चिडतेस. म्हणून कागद घेतला. आईने नंतर सगळं नीट सांगितलं. तुझं म्हणणं असं, की अमेरिकेचा बॉक्सर आंद्रे वॉर्ड भ्याला. ३३ व्या वर्षी, ३२ लढती जिंकून, एकही न हरता घरी बसला, मग त्याला थोर कसं म्हणायचं?

आज कारखाना बंद होता. जेवण झाल्यावर तुझ्या भावाच्या मोबाईलवर वॉर्डची रशियाच्या कोव्हालेवबरोबरची पहिली लढत सबंध पाहिली. नोव्हेंबर २०१६, लास वेगास. दुसऱ्याच राऊंडला कोव्हालेवचा उजव्या हाताचा ठोसा बसला आणि वॉर्ड खाली. मी असा दचकून उठलो की आईला वाटलं दूध उतू गेलं. पण नंतरचे दहा राऊंड बघ. चिकटायचं, डोकं समोरच्याच्या खांद्याला लावायचं, बरगडीत बारके बारके ठोसे द्यायचे, असं करत तो माणूस एकेक राऊंड परत ओढून आणतो. तिन्ही पंचांनी ११४-११३ दिले, एका गुणाने वॉर्ड. मला विचारशील तर मी कोव्हालेवला दिली असती. बऱ्याच जणांचं तेच मत होतं, आणि जून २०१७ मध्ये वॉर्ड त्याच जोडीला पुन्हा उतरला आणि आठव्या राऊंडला संपवली. त्यातही कमरेखालच्या ठोशांवरून बोंब झालीच. तीन महिन्यांनी, २१ सप्टेंबरला, त्याने जाहीर केलं की शरीर आता हे सोसत नाही, आणि त्यामुळे लढायची इच्छाही उरली नाही.

भ्यालेला माणूस वादातली कुस्ती दुसऱ्यांदा लावून घेत नाही, बाळा. तेवढं तरी मान्य कर.

तुझी एक गोष्ट मात्र खरी आहे. वॉर्डने सोडलेल्या जगज्जेतेपदाच्या पट्ट्यांपैकी एक त्याच नोव्हेंबरात आर्तुर बेतेरबियेवने घेतला, आणि तो २०२५ पर्यंत कुणाला हरला नाही. ती जोड लागलीच नाही. वॉर्डचं नाव निघालं की कुणीतरी बेतेरबियेवचं काढणार, आणि ‘लागली असती तर’ याला कुठलाच पंच निकाल देत नाही. वेळेआधी थांबणाऱ्याला हे कर्ज राहतंच. तरी २०२१ च्या यादीत त्याला बॉक्सिंगच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, पात्र झाल्याच्या पहिल्याच वर्षी.

जुना हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानो, त्याचंही तेच. ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआऊट. १९५६ मध्ये ३२ व्या वर्षी थांबला. पाठ दुखत होती, बायको-मुलीजवळ राहायचं होतं. चपला-बुटांच्या कारखान्यात राबणाऱ्या बापाचा पोरगा, म्हणून मला तो जरा जवळचा वाटतो. त्याच्या नावावर शून्य हार आहे, पण टीका करणारे काय म्हणतात? माजी जगज्जेता जो लुईस त्याच्यासमोर आला तेव्हा ३७ वर्षांचा होता, आर्ची मूर चाळिशीला टेकलेला. नवी पोरं अंगावर यायच्या आत हा निघून गेला म्हणे. ते खोटं नाही. पण पुढे १९५९ मध्ये परतायचा विचार त्याच्या डोक्यात आला, महिनाभर गुपचूप सराव केला, आणि अंग पूर्वीसारखं चालत नाही हे कळल्यावर कुणाला न सांगता सोडून दिला. मला ४९ आकड्यापेक्षा हा महिना मोठा वाटतो.

आणि तो लुईस. त्याच्यावर टॅक्सची थकबाकी इतकी होती की निवृत्त होऊनही परत यावं लागलं. १९५१ मध्ये मार्सियानोने त्याला आठव्या राऊंडला दोरांबाहेर पाडलं आणि मग स्वतःच त्याच्या खोलीत जाऊन रडला. लहानपणापासूनचा देव होता तो त्याचा.

(एक गंमत सांगतो, तुझ्या कोचला विचारून बघ. मार्सियानोची शेवटची लढत २१ सप्टेंबर १९५५ ला. त्याच्या ४९ ची बरोबरी करायला निघालेला लॅरी होम्स ४८ वर असताना हरला तोही २१ सप्टेंबर, १९८५. आणि वॉर्ड थांबला तोही २१ सप्टेंबरलाच. मेवेदरने ४९ चे ५० केले ते असे, की समोर बॉक्सिंगची पहिलीच व्यावसायिक लढत खेळणारा माणूस घेतला. आपल्याकडे अशी जोड लावली असती तर लोकांनी फडात चपला फेकल्या असत्या.)

आमच्याकडे असले आकडे कुणी ठेवलेच नाहीत. जत्रेतल्या कुस्त्यांची वही कुठे असते? आमचे वस्ताद किती कुस्त्या जिंकले, किती बरोबरीत सुटल्या, मला माहीत नाही, त्यांनाही माहीत नव्हतं. पण आजही पाणीवेशीत चहाला बसलो आणि त्यांचं नाव निघालं, तर कुणीतरी उठून हातवारे करत त्यांचा पोकळ घिस्सा हा डाव दाखवतोच. मार्सियानोचाही असा एक ठोसा आहे. १९५२, तेव्हाचा जगज्जेता वॉलकॉट याच्याविरुद्ध, तेरावा राऊंड. गुणांवर मागे पडला होता, आणि एका उजव्या हातात निकाल. दोघांचे हात एकदमच निघाले होते, ह्याचा आधी पोचला. तू बघितला नसशील तर आधी तो बघ, मग आकड्यांवर भांडू.

आता माझं. तुला अर्धवटच ठाऊक आहे, कारण मीच अर्धवट सांगितलंय.

१९९९ ची गोष्ट, मंगळवेढ्याकडची एक जत्रा. मी ३४ चा, खांदा आधी एकदा निखळलेला. वस्तादांनी स्पष्ट सांगितलं होतं, गड्या, लंगोट खुंटीला लाव. मी लावलाही होता, आठ महिने. तुम्हाला घरात मी सांगत आलो की त्या वर्षी माग बंद होते, पैशाची नड होती, म्हणून गेलो. नड होती, पण त्यासाठी गेलो नाही. पंचकमिटीतल्या एकाने निरोप धाडला की लाऊडस्पीकरवर तुमचं नाव पुकारणार, ‘सोलापूरचा जुना वाघ’. त्या एका ओळीसाठी मी एस.टी. पकडली.

समोर १९ वर्षांचं पोरगं. मिसरूड फुटलेलं नव्हतं. तीन मिनिटांत त्याने मला घेतलं. पडताना हात अंगाखाली आला, आणि तेव्हापासून देव्हाऱ्यावरची उदबत्ती लावायला मी स्टुलावर चढतो. तुम्हा पोरांना वाटतं बुटका म्हणून.

ते पोरगं आता रिक्षा चालवतं. मागच्या गड्ड्याच्या जत्रेत, गर्दीत भेटलं. सोबतच्याला म्हणतं कसं, “ह्यांना वळखलं का? मीच पाडलतं ह्यांना!” मोठ्या प्रेमाने म्हणत होतं, मला चहाही पाजला. त्याआधीची माझी बारा वर्षं त्याला कुठून माहीत असणार? त्याच्या डोळ्यांसमोर मी कायमचा उताणाच आहे.

तू म्हणशील, मग मेरी कोम? जुळी मुलं झाल्यावर ती थांबली असती, तर २०१२ चं ऑलिम्पिक कांस्य नाही, २०१८ ला दिल्लीतलं सहावं जागतिक सुवर्ण नाही, तेही पस्तिशी गाठल्यावर. यावर माझ्याकडे उत्तर नाही. अलीचंही तसंच. १९७१ मध्ये फ्रेझरकडून हरला नसता, तर हरल्यावर तो काय करतो हे जगाला कळलंच नसतं. वॉर्ड आणि मार्सियानोच्या वहीत ते पान कोरं आहे. पण तोच अली १९८० मध्ये होम्ससमोर नुसता उभा राहून मार खात होता, ते दहा राऊंड मला आजही पूर्ण बघवत नाहीत.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. तू आईला म्हणालीस आणि ‘अप्पांना सांगू नको’ असंही म्हणालीस. स्पॅरिंगमध्ये कानशिलावर बसल्यापासून डोकं जड आहे, ट्यूबलाइटकडे बघवत नाही, आणि पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे म्हणून कोचला बोलली नाहीस. तुझी आई चोवीस तास गप्प राहिली, हाच विक्रम समज.

हेडगार्डने कातडी फाटायची वाचते, आत मेंदू हलायचा तो हलतोच. उद्या सकाळी कोचला सांग. नंतर डॉक्टरकडे जा, आणि गल्लीतल्या नको, मेंदूच्या डॉक्टरकडे जा. तो म्हणेल तितके दिवस रिंगमध्ये पाय ठेवायचा नाही, चाचणी गेली तर गेली. निवृत्त हो असं मी म्हणत नाही. तू २१ वर्षांची आहेस, तुझं शून्य कधीच मोडलंय, पहिल्याच वर्षी बार्शीच्या त्या पोरीने मोडलं आणि तू घरी येऊन दोन दिवस जेवली नव्हतीस.

डॉक्टरच्या कागदाचा फोटो भावाच्या मोबाईलवर पाठव. फोन करून सांगू नको, मला ऐकू येत नाही आणि तू अर्धं गाळतेस.

शेंगाची चटणी आणि कडक भाकरी मंगळवारच्या हुतात्मा एक्सप्रेसने येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर देतोय. स्टेशनवर वेळेत जा. डबा परत पाठव, मागचे दोन अजून तुझ्याकडेच आहेत आणि आई ते माझ्या नावावर लावतेय.

तुझा,
अप्पा