पश्या, पेडर रोडवर मीठ घेऊन उभा राहशील का?

नागपूर, २४ डिसेंबर २०२३

प्रिय पश्या,

तू व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं "अजून पळून राहिला का बे?" आणि मी नुसता अंगठा पाठवला, तर म्हटलं आज नीट लिहावं. एक तर रविवार आहे, सकाळी बत्तीस किलोमीटर मारून आलोय आणि पाय भिंतीला टेकवून पडलोय, उठायची इच्छा नाही. आणि दुसरं म्हणजे तुझ्याकडे एक काम आहे. ते शेवटी सांगतो, आधी सगळं ऐकून घे, नाहीतर तू डायरेक्ट नाही म्हणशील.

२१ जानेवारीला मुंबई मॅरेथॉन. फुल. होय, ४२.१९५ वालीच, दरवेळी विचारू नको "पूर्ण का?" म्हणून.

आज जामठ्याच्या स्टेडियमपर्यंत जाऊन परत आलो. वर्धा रोड पहाटे काय मस्त असतो राव, मेट्रोच्या खांबांच्या बाजूने सरळ सरळ जात राहायचं, एअरपोर्ट, मग खापरी, तिथे मेट्रो संपते आणि ट्रक सुरू होतात. अंधारात त्या ट्रकांसमोर एकटं जायची आपली हिंमत नाही म्हणून ग्रुपमधले तीन-चार जण मिळून जातो, अंगावर चमकणारे पट्टे लावून, लांबून पाहिलं तर मनपाचे सफाई कर्मचारी वाटतो. थंडी अशी की निघताना कानटोपी आणि हातमोजे, पण पाचव्या-सहाव्या किलोमीटरला सगळं काढून कमरेला बांधायचं. परत आल्यावर तर्री पोहा दोन प्लेट. घरी येऊन पुन्हा जेवलो ते वेगळं.

सप्टेंबरात मात्र वाटलं होतं यंदा काही खरं नाही. २३ तारखेच्या पहाटे इकडे काय झालं ते तू बातम्यांमध्ये पाहिलंच, चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नागनदी रस्त्यावर, मोरभवनला बसेस पाण्यात उभ्या. मामाचं घर डागा लेआउटला, तळमजला. फ्रिज आडवा होऊन तरंगून राहिला होता हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढचे बरेच दिवस आम्ही सगळे भाऊ मिळून गाळ उपसत होतो आणि तुला खरं सांगतो, त्या फावड्याने जी कंबर धरली तशी कुठल्याच लाँग रनने धरली नाही. पळणं बंदच होतं. मामी मात्र तशातही सगळ्यांना सांगत होती, "याला घरी जाऊ द्या, याची मॅरेथॉन आहे", मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ऑक्टोबरात पुन्हा हळूहळू सुरू केलं.

आता मुख्य गोष्ट. तुला वाटत असेल मी स्पीड वाढवून राहिलो. उलट आहे बे. आमच्या ग्रुपमध्ये एक साठीतले काका आहेत, कितीतरी फुल केलेत त्यांनी, ते म्हणतात पहिले दहा किलोमीटर नवा जावई सासरी जेवतो तसं पळायचं, लाजत लाजत, पोटात भूक असली तरी. ऐकायला सोपं आहे. पण पाय ताजे असतात, आजूबाजूचे सगळे सुसाट जाऊन राहिले असतात आणि तू आपला लाजत! हे जमवायला मला सगळ्यात जास्त मेहनत लागली, इंटरव्हलला, म्हणजे थोडं जोरात, थोडं हळू अशा सरावाला लागली नाही तेवढी.

आणि यात एक हिशोब आहे. परवा मी इथे हाफचं, म्हणजे एकवीस किलोमीटरचं अंतर १ तास ५८ मिनिटांत मारलं. ते मोबाईलमधल्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं की तो म्हणतो फुल ४ तास ६ मिनिटांत होईल. ग्रुपमधली पोरं लगेच मागे लागली, अजून थोडा जोर लाव आणि सब-फोर कर, म्हणजे चार तासांच्या आत. मी म्हटलं थांबा. हा आकडा नागपूरच्या डिसेंबरचा आहे. इथे हवा कोरडी, घाम आला की लगेच उडून जातो, अंग थंड राहतं, शेवटी टोपीवर पांढरे मिठाचे पट्टे दिसतात तेव्हा कळतं किती घाम गेला ते. तुमच्या मुंबईत जानेवारीतसुद्धा दमटपणा असतो, घाम उडत नाही, नुसता वाहतो, मग शरीर थंड करायला हृदयाला जास्त राबावं लागतं. तोच पेस, म्हणजे किलोमीटरमागचा वेळ, तिथे जास्त महाग पडतो. म्हणून मी टार्गेट ४:२५ ठेवलंय, म्हणजे किलोमीटरला साधारण सव्वासहा मिनिटं, आणि पंचविसाव्या किलोमीटरपर्यंत पेसपेक्षा हार्ट रेटकडेच पाहीन. पोरं म्हणतात मी घाबरून राहिलो. असू दे. सहा महिने घासून शेवटचे दहा किलोमीटर चालत जायचे, त्यापेक्षा हे बरं.

तिसाव्या किलोमीटरच्या आसपास जी भिंत लागते म्हणतात ना, अचानक ताकदच संपते, ती काही मनाचा खेळ नाही. शरीरात साखरेचा साठा असतो साधारण दोन हजार कॅलरीचा, आणि पळायला लागते किलो वजनाला, किलोमीटरला जवळपास एक कॅलरी. माझं वजन ७४. कर गुणाकार. थोडं काम चरबीवर चालतं म्हणून माणूस तिसाव्या किलोमीटरपर्यंत पोचतो, नाहीतर त्याच्या आधीच बसला असता. म्हणून पळताना खाणं शिकावं लागतं, हो, त्याचीसुद्धा प्रॅक्टिस असते! एनर्जी जेल, म्हणजे पुडीतला गोड चिकट पाक, एक-दोनदा ट्राय केले, चव म्हणजे खोकल्याचं औषध, पण पोटाला सोसले. खजूर पण चालतो. संत्र्याच्या फोडी माझ्या पोटाला चालत नाहीत, आता नागपूरच्या माणसाने हे कुणाला सांगावं. ऐकलंय तिकडे रस्त्यावर लोक स्वतःहून संत्री वाटतात, नाही म्हणताना जीवावर येईल.

आणि पाणी. आई रोज म्हणते भरपूर पाणी पी. पण नुसतंच पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये डॉक्टरांनी रक्त तपासलं तर १३ टक्के लोकांचं खाली आलेलं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली मग पळूच नको. मुद्दा संपला.

तू ऑक्टोबरात केनियाच्या किप्टमचा शिकागो मॅरेथॉनचा व्हिडिओ पाठवला होता, २:००:३५. किलोमीटरला २ मिनिटं ५१ सेकंद पडतात. मी एकदा तेवढ्या स्पीडने धरमपेठच्या गल्लीत दोनेकशे मीटर पळून पाहिलं, तर एका सायकलवाल्या पोराने थांबून विचारलं "काका, कुत्रं मागे लागलं का?" पण मला किप्टमपेक्षा शिवनाथ सिंगचं जास्त नवल वाटतं. १९७६ ला मॉन्ट्रिअल ऑलिंपिकमध्ये अकरावा आला आणि १९७८ ला जालंधरला २:१२:००. २०२३ संपत आलं तरी आपला राष्ट्रीय विक्रम तोच आहे बे! ना जेल, ना घड्याळात हार्ट रेट, ना वीस हजाराचे बूट.

आता पेडर रोड, रेसच्या वाटेवरचा चढ. जाताना तो लागतो तेव्हा पाय ताजे, कळतसुद्धा नाही म्हणतात. पण परत येताना तोच चढ पस्तीस किलोमीटरच्या पुढे येतो, ऊन वर आलेलं असतं आणि तिथे भलेभले चालायला लागतात. त्याच्यासाठी मी बुधवारी सेमिनरी हिल्स धरतो. आपण कॉलेजमध्ये फुटाळ्यावर मक्याचं कणीस खायला जायचो ना, तिथूनच सुरुवात, वायुसेनानगरचा चढ, टीव्ही टॉवर, जपानी गार्डनकडून खाली सिव्हिल लाइन्स आणि पुन्हा वर. अधिवेशन आत्ताच संपलं, त्याच्यासाठी रस्ते केले होते ते अजून गुळगुळीत आहेत, आमदारांचं माहीत नाही पण माझ्या गुडघ्यांना त्याचा फायदा झाला. चढ मी मुद्दाम शेवटी ठेवतो, पाय थकल्यावर.

तर काम असं की तू त्या दिवशी पेडर रोडला उभा राहा. हाजी अलीकडून चढ सुरू होतो तिथेच, वर नको, वर मला गरज नाही. सुरुवात पाच वाजता आहे, म्हणजे मी साधारण साडेआठ ते नऊच्या मध्ये तिथे येईन. रस्ते बंद असतात, टॅक्सीच्या भानगडीत पडू नको, महालक्ष्मीला उतर आणि चालत ये. सोबत एक छोटी बाटली मीठ-साखर-लिंबूवाली, एक पुडी नुसतं मीठ आणि थंड पाण्यात भिजवलेला रुमाल. फोटो काढत बसू नको, आधी बाटली दे. आणि "थोडंच राहिलं" असं बिलकुल म्हणायचं नाही, सहा-सात किलोमीटर थोडे नसतात. शिवी दिली तरी चालेल.

दुरांतोचं शुक्रवार रात्रीचं तिकीट काढलंय. शनिवारी सकाळी उतरून आधी मॅरेथॉनच्या एक्स्पोला जाऊन बीब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर घेईन, रेसच्या दिवशी तो मिळत नाही, मग तुझ्याकडे. काकूंना सांग शनिवारी रात्री साधा वरण-भात आणि बटाटा, बाकी काही नको, त्या नक्की काहीतरी तळतील, तू आधीच अडव. रविवारी रात्री मात्र सावजी मी करीन, मसाला इकडून आणतो. तुझ्याकडे मोठं पातेलं आहे का आणि तुझी बायको तेवढं तिखट खाते का, एवढं कळव.

तुझा,
बाळ्या