ठाकूरच्या पायाखालचा गब्बर

महोदय,

'शोले'चा (१९७५) मूळ शेवट वेगळा होता. त्यात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने तो बदलायला लावला, म्हणून ऐनवेळी पोलीस येतात. आमच्या गावी मंडईच्या जत्रेत हा सिनेमा दाखवला, तेव्हा पोलीस दिसताच मागून कोणीतरी ओरडलं, "आता कायले आले बे?" सगळे हसले. मीही.

का हसलो ते मला ठाऊक आहे. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, माझा वाद कोर्टात अकरा वर्षं चालू आहे. धानाचं रोवणं टाकून तालुक्याला जायचं, डबा सोडून कडुनिंबाखाली बसायचं आणि चार वाजता शिपायाकडून पुढची तारीख ऐकायची. अशा माणसाला अडीच तासांत निकाल लावणारा नायक आवडणारच. मला आवडतो, खोटं कशाला बोलू!

पण खैरलांजी आमच्याच भंडारा जिल्ह्यात आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथं एका दलित कुटुंबातल्या चौघांना जमावानं मारलं. आपण हिशेब चुकता करतोय, असंच त्या जमावालाही वाटलं असेल. पडद्यावर कोयता नेहमी योग्य माणसाच्या हाती असतो, गावात तो बहुतेक वेळा पाटीलकीच्या हाती असतो.

दिग्दर्शकांनी एखाद्या सिनेमात ते कडुनिंबाचं झाड दाखवावं. माझी पुढची तारीख ऐन रोवण्यात आली आहे.

– एक शेतकरी वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा