मा. संरक्षणमंत्र्यांना खुलं पत्र: ज्याला साक्षीदारच नव्हता त्याच्या पदकाचं काय?

मा. संरक्षणमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरची शौर्यपदकं जाहीर झाली, हवाई दलातल्या 9 जणांना वीरचक्र मिळालं, आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नुसता जल्लोष चालला होता आणि तो व्हायलाच पाहिजे होता. पण मला तुमच्याशी बोलायचंय ते जुन्या थकबाकीबद्दल. 1965 आणि 1971 च्या.

14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरच्या विमानतळावर पाकिस्तानची सहा सेबर विमानं चालून आली आणि फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांनी हल्ला चालू असतानाच आपलं छोटंसं नॅट विमान उडवून त्यांना अंगावर घेतलं, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहितीय. हवाई दलाला आजवर मिळालेलं हे एकमेव परमवीरचक्र. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं असूच शकत नाही. फक्त एवढंच बघा की ही लढाई झाली कुठे, तर आपल्याच तळाच्या डोक्यावर. खाली आपली माणसं, रेडिओवर आपली माणसं. शिफारस लिहायला बसलेल्या अधिकाऱ्याकडे सांगणारे लोक होते.

आता दुसरी गोष्ट घ्या. 7 सप्टेंबर 1965, पहाटे पंजाबातल्या आदमपूरहून 1 नंबर स्क्वाड्रनची मिस्टेअर विमानं पाकिस्तानच्या सरगोधा तळावर हल्ला करायला निघाली. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या हे कर्नाटकातल्या कोडगूचे, त्या दिवशी राखीव होते, म्हणजे कुणी गळलं तरच जायचं. एक जण गळला, हे गेले. परत आले नाहीत. वरिष्ठांना कळलं ते एवढंच, की एक विमान कमी आलंय.

खरं काय घडलं ते बाहेर यायला 1979 उजाडलं, आणि तेही आपल्याकडून नाही! पाकिस्तानी हवाई दलावर एका ब्रिटिश लेखकाने पुस्तक लिहिलं त्यातून कळलं की परतीच्या वाटेवर त्यांच्या एका स्टारफायटर जेटने आपलं मिस्टेअर गाठलं, त्याच्यावर मारा केला, आणि त्या फुटक्या मिस्टेअरने पळायचं सोडून उलट त्या स्टारफायटरलाच पाडलं. कुठे आवाजाच्या दुप्पट वेगाचं स्टारफायटर आणि कुठे आपलं ते जुनं मिस्टेअर. पाकिस्तानी पायलट पॅराशूटने उतरून वाचला. आपल्याकडे मग ताळा लावला तेव्हा हा पठ्ठ्या म्हणजे देवय्याच असणार हे नक्की झालं. मरणोत्तर महावीरचक्र मिळालं 1988 मध्ये. 23 वर्षांनी. शत्रूच्या बाजूचं ते पुस्तक आलंच नसतं तर आज त्यांचं नाव फक्त बेपत्तांच्या यादीत असतं, बाकी काही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे साहेब, की हे नशिबावर का सोडायचं? पायदळात एखादा जवान एकटा पुढे घुसला तरी बऱ्याचदा मागे कंपनी असते, कुणीतरी बघितलेलं असतं. एकाच सीटच्या फायटरमध्ये शत्रूच्या हद्दीत शंभर किलोमीटर आत शेवटची दोन मिनिटं काय झालं हे कोण सांगणार? 1971 च्या बेपत्ता लोकांत आपले फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे आहेत, सुखोई-7 चे पायलट, त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, त्या बाईंनी नवऱ्याचा शोध घेण्यात आयुष्य घालवलं. अशांनी हवेत काय केलं हे आपण पलीकडच्या नोंदींशी कधी नीट ताडून बघितलंय का? सरकारी पातळीवर, पद्धतशीर?

आणि पायलटबद्दल निदान बोललं तरी जातं, बाकी क्रूचं काय. कॅनबेरा बॉम्बर घ्या. त्यातलं बी(आय)58 मॉडेल असं होतं की पायलटला इजेक्शन सीट आणि नाकात पुढे बसणाऱ्या नेव्हिगेटरला नाही! त्याने छातीला पॅराशूट अडकवून बाजूच्या दारातून उडी मारायची, तीही विमान तेवढा वेळ सरळ राहिलं तर. रात्री, खालून तोफांचा मारा, आणि हा गडी टॉर्च घेऊन नकाशा बघतोय. काही नेव्हिगेटर्सना वीरचक्र मिळालं, नाही असं नाही, पण आपल्या भाषणांत आणि पेपरांत नाव येतं ते पायलटचं. कॅनबेराचेच पायलट विंग कमांडर पद्मनाभ गौतम यांना 1965 आणि 1971 अशी दोनदा महावीरचक्रं मिळाली, 1972 मध्ये पुण्याजवळ मिगच्या अपघातात ते गेले, तरी पुण्यात कुणाला विचारा, माहीत नसतं. तिथे त्यांच्या नेव्हिगेटर्सना कोण विचारतंय.

सगळ्या क्रूला सारखा मान देणं जमत नाही असंही नाही. कारगिल युद्धात 28 मे 1999 ला तोलोलिंगजवळ एमआय-17 हेलिकॉप्टर पाडलं गेलं, आतले चौघंही गेले, दोन अधिकारी आणि दोन सार्जंट, चौघांनाही मरणोत्तर वायुसेना मेडल मिळालं, सगळ्यांना एकच. इंग्रजांकडे याच कामाला अधिकाऱ्याला क्रॉस आणि खालच्या हुद्द्याला मेडल असा भेद 1993 पर्यंत चालू होता. आपण 1950 मध्ये परमवीर, महावीर आणि वीरचक्र ही पदकं काढली तेव्हाच हुद्द्याची अट ठेवली नाही, ती पदकं डिझाइन केली सावित्रीबाई खानोलकरांनी, हे मराठी माणूस म्हणून जरा मिरवूनच सांगतो.

तुमच्याच मंत्रालयाने जून 2021 मध्ये धोरण काढलंय की युद्धाची रेकॉर्ड्स साधारण 25 वर्षांनी खुली करायची. त्या हिशेबाने 1965 आणि 1971 कधीच पार झाले. तर शिफारशींच्या फाइल्स पण खुल्या करा, ज्या नाकारल्या त्यासुद्धा. आणि दोन-तीन निवृत्त हवाई अधिकारी, एक-दोन इतिहासकार अशी छोटी कायमची समिती नेमा, जी पलीकडची पुस्तकं, मुलाखती, पडलेल्या विमानांच्या नोंदी आपल्या स्क्वाड्रनच्या डायऱ्यांशी ताडून बघेल.

लोक म्हणतील असं दार उघडलं तर रांग लागेल, पदकाची किंमत जाईल. मुद्दा खोटा नाही, मलाही खिरापत नकोच आहे. शंभर केसेस तपासून एकही पदक दिलं नाही तरी चालेल, पण का नाही दिलं ते दोन ओळीत लिहून घरच्यांना कळवा.

पुरावा कसा तपासायचा हे नव्याने शोधायला नको. 1988 ची देवय्यांची फाइल मंत्रालयात कुठल्यातरी कपाटात असेलच, समितीच्या पहिल्या बैठकीत तीच टेबलावर ठेवा.

आपला,
पुण्यातला एक नागरिक