फोटोतला लाल किडा

उप्साला, स्वीडन, १२ जून

प्रिय सुहास,
स. न. वि. वि.

फोटोतला किडा विषारी आहे का, म्हणून विचारलंस. मुळीच नाही. अँपिडस सँग्विनियस त्याचं शास्त्रीय नाव. गुंजेसारखा लाल-काळा, लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर. त्यातलं ‘सँग्विनियस’ हे नाव सजीवांच्या शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने १७५८ साली दिलं. तो इथल्याच विद्यापीठात शिकवायचा, म्हणजे किडा गाववालाच म्हणायचा.

खरी मजा त्याला उताणं केलं की कळते. पाय आखूड, त्यांच्या जोरावर पालथं होणं अवघड. मग तो अंगाची कमान करतो. छातीखाली एक खुंटी असते, ती मागच्या खाचेच्या काठावर अडते, स्नायू ताणले जातात, आणि खुंटी निसटून खाचेत गेली की टक्! गडी हवेत. पायांचा काही संबंधच नाही. याच्या एका भाऊबंदाची उडी १९७२ साली मोजली, तर ती तीस सेंटिमीटरपर्यंत गेली आणि झटका गुरुत्वाकर्षणाच्या ३८० पट भरला! पण पडायचं कसं, हे त्याच्या हातात नाही. पुन्हा उताणा पडला तर पुन्हा टक्.

हे सगळं प्रौढपणातलं. त्याआधी कितीतरी वर्षं तो पाइन-स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांच्या कुजक्या बुंध्यात अळी होऊन काढतो. उन्हाळा सरताना कोषातून किडा तयार होतो, तरी बाहेर येत नाही. हिवाळा लाकडातच घालवून वसंतात निघतो. म्हणजे बुंधा उचलून नेला की पुढच्या सगळ्या पिढ्या गेल्या.

इथे जंगलतोडीत बुंधे, फांद्या, सगळं साफ करायची सवय होती. आता काही झाडं मुद्दाम तीन-चार मीटरवर छाटून उभी सोडतात, किड्यांसाठी. मला सुरुवातीला तो निव्वळ आळशीपणा वाटला होता. गावाच्या पश्चिमेला फीबी नावाचं जुनं जंगल आहे, तिथे पडलेलं झाड कुणी हलवत नाही. आपल्या देवराईत आजोबा वाळकी काटकी उचलू द्यायचे नाहीत, तेच.

म्हणून तुझ्या पत्रातला दुसरा मुद्दा. देवराईतलं पडलेलं ऐनाचं झाड विकून सभामंडपाला पत्रा घालायचा ठराव आहे म्हणतोस. पत्र्यासाठी माझी वर्गणी लाव, कमी पडेल तेही कळव. पण ऐन तिथेच राहू दे. बैठकीत माझं नाव घेतलंस तरी चालेल, शिव्या मला पडू देत.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश