बॅकहो जोडलेल्या ट्रॅक्टरची पुढची चाके एकदा काट्यावर घ्या : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय परिवहन मंत्री

महोदय,

सादर नमस्कार.

ट्रॅक्टरला मागे बॅकहो, म्हणजे माती खोदणारा लोखंडी हात, बसवला की ते यंत्र ना धड ट्रॅक्टर राहते, ना पुरते खोदाई यंत्र होते. कागदावर मात्र तो ट्रॅक्टरच असतो. पासिंगला मोकळा ट्रॅक्टर उभा राहतो. त्याचे दिवे, ब्रेक, नंबरप्लेट पाहिली जाते, शिक्का बसतो, आणि त्यानंतर एखाद्या वर्कशॉपात त्याच्या पाठीवर पाचसहाशे किलो लोखंड चढते. तेव्हापासून त्याचा तोल, त्याची लांबी, त्याचे वळण, सगळेच बदललेले असते. पण ते कोणी पुन्हा तपासत नाही. हे लोखंड चढवणाऱ्या आणि नंतर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्र्यांपैकी मी एक आहे. माझी मागणी एवढीच, की तपासणी करायची तर जोडलेल्या यंत्राची करा.

आधी वजनाचे बोलतो, कारण बाकीचे बरेचसे त्यातूनच येते. समजा ट्रॅक्टर १६०० किलोचा आहे, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर १.८ मीटर, आणि मोकळा असताना पुढच्या चाकांवर ६४० किलो. त्याला ६०० किलोचा बॅकहो लावला आणि त्याचा भार मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे पडला, तर पुढच्या चाकांवरचे ४०० किलो उचलले जातात. उरले २४०. एकूण वजन झाले २२०० किलो, म्हणजे पुढे फक्त ११ टक्के. ट्रॅक्टरच्या पुस्तिकांत सर्रास सांगितलेले असते, की स्टिअरिंग हाताशी राहायचे तर पुढच्या चाकांवर निदान २० टक्के भार हवा. हा हिशोब उभ्या यंत्राचा झाला. रस्त्यावर खड्डा आला, चढ आला, की मागचे लोखंड हेलकावा खाते आणि पुढची चाके क्षणभर नुसती रस्त्याला टेकून राहतात. स्टिअरिंग फिरते, यंत्र सरळच जाते.

अशा वेळी चालक काय करतो हे कार्यालयात बसून कळणार नाही. तो ब्रेकने वळतो. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या मागच्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात. शेतात आखूड वळण घ्यायला ते सुटे ठेवायचे आणि रस्त्यावर येताना मधली पट्टी टाकून जोडायचे, असा नियम आहे. पण पुढचे चाक ऐकत नाही म्हटल्यावर चालक ती पट्टी काढूनच ठेवतो. मग उतारावर समोर काही आडवे आले की पाय एकाच पेडलवर जोरात पडतो, एकच चाक धरते, आणि अख्खे यंत्र त्या चाकाभोवती गर्रकन फिरते. बघणारे म्हणतात, ड्रायव्हरची चूक. मी म्हणतो, आधी पुढचे वजन विचारा.

यावर उपाय फार मोठा नाही. वरच्या उदाहरणात पुढच्या बंपरच्या जागी, अ‍ॅक्सलच्या साधारण ६० सेंटिमीटर पुढे, पावणेदोनशे ते दोनशे किलोची वजने टांगली की गणित २० टक्क्यांवर येते. पुढे लोडर, म्हणजे माती उचलणारी बकेट, असेल तर तो काढून ठेवायचा नाही. बकेट खाली, जमिनीपासून वीतभर ठेवून चालवायचे. आणि तपासायला यंत्रसामग्रीही लागत नाही. साधा वजनकाटा पुरतो. आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण यंत्र, आणि एक भागाकार. मागच्या टायरांना आणि अ‍ॅक्सलला हा भार झेपतो का, तेही त्याच वेळी कळेल. कित्येकदा तोही झेपत नसतो.

आता पिनांचे. बॅकहो घडी करून रस्त्यावर निघताना पिनेची दोन कुलुपे लागलीच पाहिजेत. एक बूम, म्हणजे बॅकहोचा मुख्य दांडा, वर धरून ठेवणारे, दुसरे तो डावी-उजवीकडे फिरू न देणारे. हायड्रॉलिक्सवर भरवसा ठेवून चालत नाही. सिलिंडरची सील थोडी जरी झिजली तरी तेल आतल्या आत सरकते आणि बूम हळूहळू खाली येतो, खोदताना यंत्राला आधार देणारे बाजूचे जॅक रस्त्याकडे उतरू लागतात. फिरणे अडवणारे कुलूप नसेल, तर वळणावर बूम स्वतःच्या वजनाने बाहेरच्या बाजूला जातो. त्या बाजूला दुचाकीवाला असला तर त्याला कळायच्या आत बकेट त्याच्यापर्यंत पोचलेली असते.

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीनचे मी पहिल्यांदा या पिनेचे भोक बघतो. मूळ पिन चांगली जाड, कडक पोलादाची, टोकाला स्प्रिंगची क्लिप असलेली. तिच्या जागी आलेला असतो एक बारीक बोल्ट, मधोमध वाकलेला, आणि क्लिपच्या जागी पिळलेली बांधणीची तार. बोल्ट सैल, म्हणून भोक गोलाचे लांबट झालेले, काठावरचा रंग उडून धातू चकचकीत घासलेला. ते चकचकीत लोखंड सांगते, की हा बूम रस्ताभर डुलत आला आहे. पिन हरवते कारण ती सुटी असते. काम सुरू करताना काढून मडगार्डवर ठेवली जाते आणि धक्क्याने मातीत पडते. बनवणाऱ्याने ती साखळीने यंत्रालाच अडकवून द्यायची सक्ती केली, तर खर्च नगण्य आहे. जॅकनाही तशीच पिन हवी.

यंत्र मागून दिसते कसे, हा तर वेगळाच विषय आहे. बॅकहोची घडी नेमकी ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्यांसमोर येते. ब्रेकलाइट, इंडिकेटर, नंबरप्लेट, परावर्तक, सारे त्या लोखंडामागे. पासिंगला दिवे लागत होते, आजही लागतात, फक्त मागच्याला दिसत नाहीत. शिवाय यंत्राचे शेवटचे टोक आता मागच्या चाकांच्याही बरेच मागे, हवेत आहे. ताशी ९० किलोमीटरने येणारी गाडी आणि ताशी २५ ने जाणारे हे यंत्र यांच्यातले १५० मीटर अंतर आठ-साडेआठ सेकंदांत संपते. तेवढ्यात मागच्याने ते ओळखायचे, वेग जोखायचा आणि ब्रेक लावायचा. सावकाश चालणाऱ्या वाहनांसाठीचा नारिंगी त्रिकोण, ज्याला लाल परावर्तक कड असते, तो अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाला. त्याचे काम एवढेच, की लांबूनच कळावे हे वाहन हळू चालले आहे. तो त्रिकोण आणि दिव्यांची एक सुटी पट्टी बॅकहोच्या अगदी मागच्या टोकाला लागली पाहिजे. ट्रॅक्टरवर नव्हे. दिव्यांच्या वायरला प्लग द्यायचा, काम सुरू करताना पट्टी काढून ठेवायची. हे काम कोणताही वायरमन अर्ध्या दिवसात करतो.

रोलबारबद्दल, म्हणजे चालकाभोवतीच्या लोखंडी चौकटीबद्दल, आपल्या खात्याला मी काय सांगावे. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर चालकाला वाचवणारी चौकट सक्तीची केली. ट्रॅक्टर उलटायला लागला की चालकाच्या हातात सेकंदभरही नसतो, उडी मारणे वगैरे गप्पा आहेत. बॅकहोची घडी उभी आणि उंच असते, त्यामुळे यंत्राचा भार वर सरकतो आणि बाजूला कलंडणे सोपे होते. चौकट उभी आणि पट्टा बांधलेला, तरच चालक चौकटीच्या आत राहतो. चौकट नसेल किंवा झाडाखालून जायला म्हणून घडी करून ठेवली असेल, तर त्या वेळी पट्टा बांधायचा नाही, हेही चालकांना कोणी सांगत नाही. नुसते ‘सीटबेल्ट वापरा’ असे फलक लावून उलटा घोटाळा होतो.

एक गोष्ट मात्र थेट बंदी घालण्यासारखी आहे. काही हलके बॅकहो फक्त मागच्या तीन-बिंदू लिंकेजवर, म्हणजे नांगर जिथे जोडतात तिथेच, टांगून विकले जातात. नांगर मागे ओढला जातो; बॅकहो खोदताना वर, खाली, पुढे, सगळीकडे रेटतो. बकेट मुळाला किंवा खडकाला अडकली आणि चालकाने लिव्हर तसाच धरून ठेवला, तर बॅकहो जागेवर वर उचलला जाऊन पुढे दुमडू शकतो. चालक बसलेला असतो बॅकहो आणि रोलबार यांच्या मधल्या फटीत. टॉप लिंक, म्हणजे लिंकेजचा वरचा दांडा, तुटला तर विचारायलाच नको. खोदाईचा जोर थेट गिअरबॉक्सच्या बिडाच्या घरावर येतो आणि ट्रॅक्टर मधोमध तडकतो, ते वेगळे. चेसिसखालून पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत गेलेली सबफ्रेम, म्हणजे आधाराची लोखंडी चौकट, असेल तरच तो जोर सगळीकडे वाटला जातो. सबफ्रेमला पैसे लागतात, म्हणून विक्रेता ती ‘ऐच्छिक’ म्हणतो. जीव वाचवणारा भाग यादीत ऐच्छिक ठेवण्याची मुभा विक्रेत्याला असता कामा नये.

कामाच्या जागेचे नियम कदाचित कामगार खात्याकडे येतील, तरी चालक तोच, म्हणून लिहितो. बॅकहोच्या सीटवर तोंड मागे असते. ट्रॅक्टरचे ब्रेक, क्लच, स्टिअरिंग पाठीमागे आणि हाताबाहेर. त्यामुळे त्या सीटवर जाण्याआधी गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, लोडरची बकेट जमिनीत दाबलेली आणि जॅक घट्ट जमिनीवर असलेच पाहिजेत. जमीन मऊ असेल तर जॅकखाली फळ्या. खाली उभे राहून लिव्हर ओढणाऱ्याला मी तिथल्या तिथे थांबवतो, कारण बूम फिरला की तो आणि टायर यांच्यात माणूस चिरडतो. उतारावर खोदलेली माती वरच्या अंगाला टाकायची. भरलेली बकेट खालच्या अंगाला फिरवली की यंत्र तिच्या मागे जाते. चराच्या काठाजवळ जॅक ठेवायचा नाही. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत माती काठापासून निदान ६० सेंटिमीटर लांब ठेवावी लागते, आणि दीड मीटर खोलीपासून चराच्या भिंतींना आधार किंवा उतार द्यावा लागतो. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते, छातीपर्यंत गाडलेला माणूसही श्वास घेऊ शकत नाही. वरच्या तारांचे आणि जमिनीतल्या केबल-गॅसपाइपचे तर सांगायलाच नको. विचारल्याशिवाय बकेट मातीत घालायची नाही, बस्स.

लांब न्यायचे असेल तर ट्रेलरवर न्यावे, हे खरे. पण तिथेही पुढच्या हलक्या चाकांचा मुद्दा सुटत नाही. बॅकहो लावलेले यंत्र तोंड पुढे करून रॅम्पवर चढवले की जड बाजू खाली राहते आणि पुढची चाके उचलली जातात. म्हणून ते उलटे, बॅकहोची बाजू आधी, चढवतात, आणि चढताना बॅकहोचे बूड रॅम्पला घासत नाही ना, हे दुसऱ्याने बाजूला उभे राहून पाहायचे. रॅम्पच्या मागे कोणी नाही. वर गेल्यावर बूम आणि बकेट तळाला टेकवून त्यांना वेगळी साखळी. अमेरिकेच्या मालवाहतूक नियमांत ४,५३६ किलोहून जड यंत्राला किमान चार बांध लागतात आणि बूम, बकेट यांसारखे भाग पूर्ण खाली टेकवून बांधावे लागतात. आपल्या नियमांत हलक्या यंत्रांसाठीही हे वाक्य आले तर बरे होईल, कारण ट्रेलरवरून घसरणारी यंत्रे बहुधा ‘छोटे आहे, दोन साखळ्या पुरे’ म्हणून बांधलेली असतात.

आता दंडाबद्दल. नवा नियम आला की रस्त्यावर चालकाला अडवायचे, ही सवय खात्याने या बाबतीत सोडावी. बॅकहो कोणता घ्यायचा, सबफ्रेम लावायची की नाही, पुढे वजने टांगायची की नाही, हे चालक ठरवत नाही. ते मालक ठरवतो, आणि त्याला विक्रेता सांगतो. म्हणून विकतानाच जोडणीचा दाखला हवा : कोणत्या ट्रॅक्टरला कोणता बॅकहो, पुढच्या चाकांवर किती किलो राहिले, पिना आणि मागचे दिवे बसवले का, आणि त्याखाली बसवणाऱ्याची सही. माझीही सही घ्या, आमची हरकत नाही. सही करायची म्हटली की वाकडा बोल्ट टाकून देणारा मिस्त्री दोनदा विचार करेल. इशाऱ्यांची पाटी मात्र चालक वाचू शकेल अशा भाषेत लावा. परक्या भाषेतली स्टिकरे रंगासोबत उडून जातात आणि कोणाला चुकल्यासारखेही वाटत नाही.

परवान्याची परीक्षाही दोन्ही सीटवर व्हावी. ट्रॅक्टर चालवता येणे आणि बॅकहो चालवता येणे ही दोन कामे आहेत, आणि एकातून दुसऱ्यात जाताना, उठून मागे वळण्याच्या त्या मिनिटभरात, बरेच काही बिघडते. परीक्षेत खोदून दाखवण्याआधी यंत्र रस्त्यासाठी बांधून दाखवायला सांगा : घडी, पिना, जॅक, पेडलची पट्टी, दिवे, त्रिकोण. ज्याला ते नीट जमते त्याला खोदणे शिकवता येते.

जोडणीच्या दाखल्याचा नमुना, पिनांची मापे आणि दिव्याच्या पट्टीची जागा यांचे कच्चे रेखाटन आम्ही मिस्त्री मंडळी करून देऊ. खात्याचा एक अधिकारी, एक वजनकाटा आणि वेगवेगळ्या बनावटीची दोन-तीन जोडलेली यंत्रे एवढी सोय झाली तर एका दिवसात खरे आकडे आपल्या टेबलावर येतील. तारीख आपण कळवावी.

आपला,
बॅकहो बसवणारा आणि दुरुस्त करणारा एक मिस्त्री